'साठी' आणि 'जोगा' : अवकाश-तंत्रज्ञानाच्या निर्यात-याद्यांतील परिभाषेचा विचार

लखनौत राहणाऱ्या मराठी अभ्यासकाला 'अग्निबाण' हा शब्द दोन निरनिराळ्या ठिकाणी नेतो. पहिले ठिकाण शाहनजफचे. नोव्हेंबर १८५७ मध्ये गाझीउद्दीन हैदरच्या ह्या मकबऱ्याच्या भिंती इंग्रजांच्या तोफांना दाद देईनात, तेव्हा कॅप्टन विल्यम पील ह्याच्या नौसैनिक तुकडीने आतल्या शिपायांवर अग्निबाण सोडले. हे अग्निबाण काँग्रीव्हच्या परंपरेतले. आणि काँग्रीव्हला त्यांची प्रेरणा मिळाली ती श्रीरंगपट्टणच्या पाडावात १७९९ साली इंग्रजांच्या हाती लागलेल्या म्हैसूरच्या बाणांवरून. दुसरे ठिकाण म्हणजे इस्रोच्या उपग्रह-अनुवर्तन जाळ्याचे लखनौ येथील भूकेंद्र. उड्डाणानंतर उपग्रह कोठे आहे, त्याची प्रकृती कशी आहे, ह्याची विचारपूस अशा केंद्रांतून केली जाते. एकाच शहरात ह्या शब्दाचे एक टोक शस्त्राला आणि दुसरे टोक विद्येला बांधलेले आहे.

ही दोन टोके कायद्याच्या भाषेत कशी हाताळली गेली, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. उपग्रह आणि अवकाशयाने ह्यांच्या निर्यातीवरील निर्बंध, व त्या निर्बंधांत गेल्या तीन-साडेतीन दशकांत झालेल्या सुधारणा, हा विषय मुत्सद्द्यांचा आणि अभियंत्यांचा मानला जातो. परंतु निर्यात-नियंत्रण हा मुळात यादीचा व्यवहार आहे, आणि यादी हा शब्दांचा व्यवहार आहे. एखादी वस्तू 'शस्त्र' ह्या मथळ्याखाली लिहावयाची की 'माल' ह्या मथळ्याखाली, एवढ्यावर कारखाने आणि माणसांची आयुष्ये अडून राहिलेली आहेत. तेव्हा भाषेच्या अभ्यासकाने ह्या याद्या वाचावयास हरकत नसावी.

प्रथम मराठी शब्दांकडे पाहू. मराठ्यांच्या ऐतिहासिक कागदपत्रांत 'बाण' हा शब्द दारू भरलेल्या नळीच्या अर्थी येतो आणि ती चालविणारा तो 'बाणदार'. विसाव्या शतकात वृत्तपत्रांनी रॉकेटसाठी 'अग्निबाण' हा शब्द रूढ केला, तेव्हा ही शस्त्राची स्मृती शब्दाबरोबर आलीच. हिंदीत सामान्यतः 'रॉकेट' किंवा 'प्रक्षेपण यान' म्हणतात. त्यांत बाण नाही. आपल्याकडे मात्र चंद्राकडे जाणारा तोही अग्निबाणच. 'उपग्रह' हा शब्द उलट पूर्णपणे निरुपद्रवी. फलज्योतिषात गुलिकादी उपग्रह मानीत, ते केवळ गणिताने काढलेले बिंदू होते. पुढे ग्रहाभोवती फिरणाऱ्या गोलाला हे नाव मिळाले आणि १९५७ नंतर 'कृत्रिम' हे विशेषण लागून ते मानवनिर्मित वस्तूला चिकटले. गंमत अशी, की अमेरिकेच्या कायद्याने नेमक्या ह्याच निरुपद्रवी वस्तूला पंधरा वर्षे शस्त्र ठरविले होते. त्याकडे पुढे येऊ.

मराठीत दोन साधी रूपे आहेत. 'देवासाठी आणलेले फूल' आणि 'देवाला वाहण्याजोगे फूल'. पहिल्यात आणणाऱ्याचा हेतू आहे, दुसऱ्यात फुलाचा गुण. वाहण्याजोगे फूल कोणी केसांत माळील. देवासाठी आणलेले फूल कदाचित सुकलेलेही असेल. विळी भाजीसाठी असते, पण ती बोट कापण्याजोगीही असते. लखनौच्या बोलीत ह्याच जागी 'के लिए' आणि 'के क़ाबिल' असा भेद सहज होतो. अवकाश-तंत्रज्ञानाच्या निर्यात-सुधारणेतला वाद माझ्या मते बव्हंशी ह्या दोन रूपांमधला वाद आहे.

१९८७ साली सात औद्योगिक राष्ट्रांनी क्षेपणास्त्र-तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था, म्हणजे एमटीसीआर, स्थापन केली. तिच्या परिशिष्टात पहिल्या वर्गाची व्याख्या आहे : किमान ५०० किलो भार किमान ३०० किलोमीटर अंतरावर नेऊ शकणारी कोणतीही संपूर्ण अग्निबाण-प्रणाली. त्याच ओळीत क्षेपणास्त्रे आहेत, उपग्रह-प्रक्षेपक आहेत आणि वातावरणाचा अभ्यास करणारे अग्निबाणही आहेत. ही व्याख्या निखळ 'जोगा'ची आहे. हेतूला तिच्यात जागा नाही. राष्ट्रीय अवकाश कार्यक्रमांना अडथळा आणण्याचा आपला इरादा नाही, असे ह्या व्यवस्थेच्या मार्गदर्शक सूत्रांत म्हटले आहे खरे. पण त्याला लगेच शर्त जोडली आहे, की ते कार्यक्रम संहारक अस्त्रे वाहून नेण्याच्या साधनांना हातभार लावू शकणारे नसावेत. म्हणजे 'साठी'ने दार उघडले आणि 'जोगा'ने ते पुन्हा लावले.

ह्या परिशिष्टाच्या पारिभाषिक टिपा तर भाषाशास्त्राच्या वर्गात लावाव्यात इतक्या काटेकोर आहेत. तेथे तीन पायऱ्या आहेत. एखादी वस्तू विशिष्ट कामासाठीच, अन्य उपयोग उरणार नाही अशी घडविलेली असेल, तर ती पहिली पायरी. ती विशिष्ट कामाला योग्य व्हावी म्हणून घडविलेली किंवा बदललेली असेल, पण इतर कामीही येत असेल, तर दुसरी. टायटॅनियमचा थर दिलेला पंप क्षेपणास्त्रासाठी केलेला असला तरी इंधनाखेरीज अन्य दाहक द्रवांसाठीही चालतो, असे उदाहरण तेथे दिले आहे. आणि कोणीही मुद्दाम काहीही न करता जी वस्तू त्या कामी येऊ शकते, ती तिसरी. लष्करी दर्जाचा कोणताही स्मृति-मंडलाचा तुकडा मार्गदर्शन-यंत्रणेत चालण्याजोगा असतोच. यादीतल्या प्रत्येक नोंदीत ह्यांपैकी कोणती पायरी वापरली आहे, त्यावर जाळ्याची वीण घट्ट की सैल हे ठरते.

भारताला ह्या विणीचा अनुभव आला तो क्रायोजेनिक इंजिनाच्या प्रकरणात. जानेवारी १९९१ मध्ये इस्रोने सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉसशी इंजिने आणि त्यांचे तंत्रज्ञान मिळविण्याचा करार केला. मे १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रो व ग्लावकॉसमॉस ह्या दोहोंवर दोन वर्षांचे निर्बंध लादले. १९९३ साली रशियाने तंत्रज्ञान देण्याचे नाकारून केवळ तयार इंजिने देण्याचे मान्य केले. भारतीय बाजूचा युक्तिवाद 'साठी'चा नव्हताच, हे लक्षात घ्यावयास हवे; तो 'जोगा'च्या अंगणातच उभा राहून केलेला होता. द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंशांना आणि द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांना राखावा लागतो. असे इंधन भरून अस्त्र महिनोन्महिने सज्ज ठेवता येत नाही. तेव्हा हे इंजिन अस्त्राजोगे नाही. व्यवहारदृष्ट्या हा युक्तिवाद बिनतोड होता. पण यादीतला 'जोगा' भार आणि अंतर मोजतो, गैरसोय मोजत नाही.

ह्यापुढची कथा मराठी वाचकाला परिचित आहे. विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात 'विकास' ह्या द्रव-इंधन इंजिनाचे भाग १९८० च्या दशकापासून घडत होते, पुढे क्रायोजेनिक इंजिनाचेही घडू लागले. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला, साखरेच्या यंत्रसामग्रीसाठी प्रसिद्ध असलेल्या कारखान्यात, घन-इंधनाच्या मोटारींची आवरणे तयार झाली. त्या घन-इंधनाच्या संशोधनाचा पाया घालणाऱ्यांत वसंत गोवारीकर हे पुण्याचे. मराठी विज्ञानलेखनाने ह्या प्रकरणाची जी मांडणी केली ती बहुतांशी एकाच साच्यातली आहे : त्यांनी नाकारले, म्हणून आम्ही केले. ह्यातला अभिमान समजण्यासारखा आहे, पण हिशेब अर्धा आहे. १९९३ मध्ये तंत्रज्ञान नाकारले गेले. भारतीय क्रायोजेनिक टप्प्याचे पहिले उड्डाण एप्रिल २०१० मध्ये झाले आणि फसले. यश आले ते ५ जानेवारी २०१४ रोजी. मधली दोन दशके ही किंमत आहे, आणि अडवणुकीचे आभार मानण्याच्या भरात ती आपल्या लेखनातून गळते. ज्या यादीने अडविले, ती यादी वाचण्याचे काम तर आपल्या लेखकांनी जवळजवळ केलेलेच नाही.

पोखरणच्या चाचण्यांनंतर, नोव्हेंबर १९९८ मध्ये, इस्रो आणि तिच्या शाखा अमेरिकेच्या आणखी एका यादीत गेल्या. ही यादी वस्तूंची नसून संस्थांच्या नावांची. येथे प्रश्न 'कशासाठी' असा नाही, 'कशाजोगा' असाही नाही; तो 'कोणाला' असा आहे. वैयाकरणाने ह्याला संप्रदानाची यादी म्हणावे. २००४ मध्ये इस्रोचे मुख्यालय तिच्यातून वगळले गेले आणि उरलेल्या शाखा जानेवारी २०११ मध्ये.

आता उपग्रहाच्या शस्त्रत्वाकडे. १९९६ पर्यंत अमेरिकेने दळणवळणाचे उपग्रह टप्प्याटप्प्याने व्यापार खात्याच्या यादीत आणले होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत चीनचा अग्निबाण एक अमेरिकी बनावटीचा उपग्रह घेऊन कोसळला. अपघाताच्या चौकशीत अमेरिकी कंपन्यांनी चिनी तंत्रज्ञांना नको ते शिकविले, असा आरोप झाला. संसदेने कायदा केला आणि मार्च १९९९ पासून सर्व उपग्रह, त्यांच्या सुट्या भागांसह, युद्धसामग्रीच्या यादीत गेले. ही नोंद गुणाची नव्हती, नावाची होती : 'उपग्रह' म्हटला की शस्त्र. त्यात बसविलेला एखादा अमेरिकी भाग परवान्याशिवाय परदेशी प्रक्षेपकावर चढू शकेना. ह्याचा उलटा परिणाम असा झाला, की युरोपातील कारखानदार 'ह्यात अमेरिकी भाग नाही' अशी जाहिरात करू लागले.

सुधारणा आली ती जानेवारी २०१३ च्या कायद्याने व त्याखालील नियमांनी. ते नोव्हेंबर २०१४ पासून अमलात आले. बहुसंख्य उपग्रह व्यापारी यादीत परतले. हेरगिरी, क्षेपणास्त्रांचा मागोवा अशा विशिष्ट क्षमतांचे मागे राहिले. चीनवरील बंदी कायम राहिली. ह्या सुधारणेचा गाभा 'खास घडविलेला' ह्या शब्दप्रयोगाची नवी व्याख्या हा होता. आधी तिच्यात वस्तू ओढून घ्यावयाची आणि मग अपवादांच्या चाळणीतून सोडावयाची, अशी तिची रचना आहे. साधा खिळा-स्क्रू केवळ उपग्रहात आहे म्हणून शस्त्र ठरू नये, हे त्या चाळणीचे काम. थोडक्यात, नावाऐवजी गुण आणि हेतू.

गुणांची यादीही निर्दोष नसते. २०१४ च्या नियमांत निरीक्षण-उपग्रहाच्या दुर्बिणीचे छिद्र ०.३५ मीटरहून मोठे असेल तर तो युद्धसामग्रीत, अशी एक कसोटी होती. परिणामी, दूरस्थ दीर्घिकांकडे पाहणारी जेम्स वेब ही साडेसहा मीटर आरशाची दुर्बीणही त्या कसोटीच्या कक्षेत आली. जानेवारी २०१७ मध्ये मर्यादा अर्ध्या मीटरवर नेली गेली आणि वेब दुर्बिणीला नाव घेऊन व्यापारी यादीत हलवावे लागले. जोगेपणाची मोजपट्टी कितीही सुधारली तरी तिच्यातून सुटण्यासाठी कधीकधी नावच घ्यावे लागते.

ह्या याद्यांत 'निर्यात' ह्या शब्दाचाही अर्थ आपल्या समजुतीहून वेगळा आहे. अमेरिकेत बसून परदेशी नागरिकाला तांत्रिक माहिती सांगितली वा दाखविली, तर ती त्याच्या देशाला केलेली निर्यात मानली जाते. पुण्याहून वा नागपूरहून गेलेल्या मराठी अभियंत्यांना ह्याचा अर्थ चांगला ठाऊक आहे : युद्धसामग्रीच्या यादीतल्या कामावर नागरिक किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेला माणूसच सहजी घेता येतो, म्हणून अवकाश-अभियांत्रिकीची पदवी घेऊन कित्येक जण मोटारी किंवा संगणकाच्या धंद्यात गेले. दोन्ही याद्यांतला एक बारीक भेद मला फार बोलका वाटतो. युद्धसामग्रीच्या नियमांत माणसाची सर्व नागरिकत्वे पाहतात. व्यापारी नियमांत सर्वांत अलीकडचे. एका यादीला माणसाचा भूतकाळ हवा असतो, दुसरीला वर्तमान पुरतो.

भारत आता यादीच्या दुसऱ्या बाजूलाही आहे. जून २०१६ मध्ये भारत एमटीसीआरचा सदस्य झाला. आपली स्वतःची 'स्कोमेट' नावाची नियंत्रित वस्तूंची यादी आहे. तिचा एक वर्ग अवकाश व विमानविद्येचा आहे. २००५ च्या संहारक अस्त्रांसंबंधीच्या कायद्यात तर जाणूनबुजून अशा अस्त्रांकरिता माल देण्यास मनाई करणारे कलम आहे, म्हणजे तेथे शुद्ध 'साठी' आहे. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी पीएसएलव्हीने एका उड्डाणात नेलेल्या १०४ उपग्रहांपैकी ९६ अमेरिकी होते. आणि ३० जुलै २०२५ रोजी 'निसार' हा नासा-इस्रोचा संयुक्त उपग्रह, ज्याचे एक रडार अमेरिकी आहे, तो श्रीहरिकोट्याहून ज्या जीएसएलव्हीवरून गेला, तिचा वरचा टप्पा भारतीय क्रायोजेनिक होता.

राहता राहिला आपल्या परिभाषेचा प्रश्न. राजपत्रातील अधिसूचना हिंदीत व इंग्रजीत निघतात. हिंदीतील 'विशेष रूप से अभिकल्पित' हे रूप शास्त्रीय आहे, पण 'अभिकल्पित' मराठीत उतरविल्यास उपग्रहाचा एखादा भाग बनविणाऱ्या पुण्याच्या लहान कारखानदाराला त्यावरून आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे कळणार नाही. आणि कळले नाही तर परवान्याशिवाय माल पाठविण्याचा गुन्हा त्याच्या हातून होईल. मला वाटते, पहिल्या पायरीसाठी 'त्यासाठीच घडविलेला' आणि तिसऱ्यासाठी 'त्यात वापरण्याजोगा' ही रूपे निःशंकपणे घ्यावीत. त्यांतला 'च' कायद्यालाही पेलेल. अडचण दुसऱ्या पायरीची आहे. 'त्यासाठी घडविलेला वा बदललेला' म्हटले, की मराठी कान त्यात 'च' नसतानाही तो ऐकतो, आणि पंप दुसऱ्या कामीही चालतो ही गोष्ट ऐकूच येत नाही. 'त्यासाठीही' म्हणावे, तर हेतू पातळ होतो. हिंदी-उर्दूत ह्या मधल्या अवस्थेला काही चपखल रूप आहे काय, हे येथील सहकाऱ्यांनी पाहावे.