झेब्रा हॉवर्थिया : फुटव्यांपासून अभिवृद्धी आणि मुळांवरील पिठ्या ढेकूण

टेबलावर किंवा खिडकीत ठेवता येतील अशा लहान, मांसल पानांच्या सक्युलंट वनस्पतींना शहरांतून मागणी असल्याने अनेक रोपवाटिकाधारक व महिला बचत गट त्यांच्या उत्पादनाकडे वळले आहेत. कालिम्पाँगसारख्या डोंगराळ भागात हा व्यवसाय जुना आहे. दख्खनच्या पठारावर तो त्या मानाने नवा. यांपैकी नवशिक्या उत्पादकास सर्वाधिक सोयीची वनस्पती कोणती, असे विचारल्यास मी झेब्रा हॉवर्थियाचे नाव घेते. गडद हिरव्या, टोकदार पानांवर पांढऱ्या उंचवट्यांचे आडवे पट्टे, हाताच्या ओंजळीत मावेल एवढा आकार आणि बुडाशी भरपूर फुटवे. मात्र याच फुटव्यांबरोबर मी स्वतः एकदा कीड वाटून बसले आहे. म्हणून लागवडीसोबत त्या चुकीविषयीही येथे सांगणे आवश्यक वाटते.

ही वनस्पती मूळची दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातील. पूर्वी ती हॉवर्थिया या प्रजातीत गणली जात असे. 2013 पासून तिचे शास्त्रीय नाव हॉवर्थियॉप्सिस अटेन्युआटा असे झाले. बाजारात जुनेच नाव चालते. हॉवर्थिया हे नाव 1809 मध्ये एड्रियन हार्डी हॉवर्थ या इंग्रज अभ्यासकाच्या सन्मानार्थ दिले गेले. हॉवर्थ सक्युलंट वनस्पतींचे जाणकार होते, तसेच ब्रिटनमधील पतंग-फुलपाखरांवर ग्रंथ लिहिणारे कीटकशास्त्रज्ञही होते. त्यामुळे एका कीटकशास्त्रज्ञाने या रोपावर लिहावे, यात फारसे वावगे नसावे.

प्रकाश, माध्यम व पाणी

नैसर्गिक अधिवासात हे रोप झुडपांच्या सावलीत वाढते. आपल्याकडील कडक उन्हात पाने तांबूस-तपकिरी होऊन आक्रसतात. उन्हाळ्यात 50 ते 75 टक्के सावली देणारी शेडनेट वापरावी. सकाळचे कोवळे ऊन मात्र उपकारक ठरते. विदर्भ किंवा दिल्लीसारख्या ठिकाणी मे महिन्यात रोपाची वाढ थांबते. त्या काळात ‘वाढत नाही’ म्हणून पाणी व खत वाढवणे हा हमखास नुकसानीचा मार्ग आहे.

माध्यमासाठी काळी माती टाळावी. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते व नाजूक मुळे तोडते. एक भाग चांगले कुजलेले, गाळलेले पालापाचोळ्याचे खत आणि दोन भाग 2 ते 5 मिलिमीटर आकाराची खडी, म्हणजे विटांचे किंवा जांभ्याचे तुकडे अथवा धुतलेली जाड वाळू, हे मिश्रण स्वस्त व पुरेसे आहे. परलाइट मिळत असल्यास मिसळावे. कुंडी तीन ते चार इंचांची, तळाला छिद्रे असलेली असावी. मोठी कुंडी ओल धरून ठेवते. माध्यम खोलवर वाळल्यावरच पाणी द्यावे. कोकणात व बंगळूरच्या पावसाळी दिवसांत दोन पाण्यांतील अंतर आणखी वाढवावे आणि कुंड्या थेट पावसापासून दूर ठेवाव्यात.

फुटवे केव्हा व कसे काढावेत

पठारी भागात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. थंड डोंगराळ भागात हिवाळा संपल्यानंतर हे काम करावे. फुटवा मातृरोपाच्या निदान एक तृतीयांश झालेला आणि शक्यतो स्वतःची दोन-तीन मुळे असलेला निवडावा. रोप कुंडीतून पूर्ण बाहेर काढून, जुने माध्यम झाडून, फुटवा हाताने हळुवार पिळून वेगळा करावा. न सुटल्यास निर्जंतुक केलेल्या धारदार चाकूने कापावा. जखम सावलीत चार-पाच दिवस वाळू द्यावी. त्यानंतर किंचित ओलसर माध्यमात लावून पहिले पाणी आठवड्याने द्यावे. घाईने दिलेले पाणी हेच फुटवे सडण्याचे प्रमुख कारण असते.

पानापासूनही रोप होते, परंतु पान बुडाकडील पांढऱ्या भागासह अखंड निघावे लागते व वेळ बराच लागतो. फुटवे उपलब्ध असताना या जातीत ती खटपट करण्याचे कारण नाही.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण कार्यक्रमात मी माझ्या संग्रहातील फुटवे सहभागी महिलांना लागवडीसाठी दिले. पाने भिंगाखाली तपासली होती, ती स्वच्छ होती. तीन-चार महिन्यांनी तक्रारी येऊ लागल्या: रोपे पाणी देऊनही सुरकुततात, वाढत नाहीत. एका भगिनीने आणलेली कुंडी मी उलटी केली. मातीचा गोळा आणि कुंडीची भिंत यांच्यामध्ये निळसर-पांढरा मेणचट थर होता. परतल्यावर माझी मातृरोपे उपटून पाहिली; तेथेही तेच. मुळांवरील पिठ्या ढेकूण माझ्याच कुंड्यांतून गेले होते, आणि मी मुळे पाहिलीच नव्हती.

हे कीटक रायझोइकस व त्याच्या जवळच्या प्रजातींतील असून जेमतेम 1 ते 2.5 मिलिमीटर लांबीचे असतात. ते आयुष्यभर मातीत राहून मुळांतील रस शोषतात. कोरडे माध्यम त्यांना मानवते; म्हणजे सक्युलंटसाठी आपण जी काळजी घेतो तीच त्यांच्याही पथ्यावर पडते. निचऱ्याच्या छिद्रांतून आणि वाहत्या पाण्याबरोबर ते शेजारच्या कुंडीत पोहोचतात. कुंड्यांभोवती मुंग्यांची ये-जा वाढली असेल तर संशय घ्यावा.

परलाइटचा दाणा व पिठ्या ढेकूण यांत नवख्यांची गल्लत होते. सुईने दाबून पाहावे: परलाइट कोरडे चुरते, कीटक ओला डाग सोडतो.

तपासणीसाठी दोन-चार कुंड्या उलटून समाधान मानू नये. 100 पैकी 10 कुंड्यांत कीड असेल, तर कोणत्याही 5 कुंड्या तपासून ती सापडण्याची शक्यता सुमारे 40 टक्केच असते; 30 तपासल्यास ती 95 टक्क्यांपुढे जाते. मातृरोपांच्या बाबतीत तर प्रत्येक रोप तपासणे शक्य आहे, कारण फुटवे काढताना ते कुंडीबाहेर येतेच. म्हणून फुटवे काढण्याचा दिवस हाच मुळे तपासण्याचा दिवस ठरवावा. मुळे पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्याने धुवावीत, मृत जुनी मुळे कापून टाकावीत आणि खोडाचा तळ भिंगाने पाहावा.

प्रादुर्भाव आढळल्यास काय करावे? आम्ही वाचवलेल्या रोपांची सर्व मुळे कापली, खोडाचा तळ वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने घासला, आठवडाभर वाळवले आणि नव्या माध्यमात लावले. हॉवर्थिया नवी मुळे सहज धरते, हा तिचा मोठा गुण. जुन्या कुंड्या उकळत्या पाण्याने धुतल्या. काढलेले माध्यम बागेत फेकू नये. ओलसर करून पारदर्शक पॉलिथिनखाली भर उन्हाळ्यात चार ते सहा आठवडे तापवावे.

कीटकनाशकाविषयी विचारणा नेहमी होते. लेबलवर ज्या पिकाचा उल्लेख नाही त्यासाठी औषधाची मात्रा सुचवणे मला योग्य वाटत नाही. शिवाय मेणाचे आवरण व मातीचा गोळा यांमुळे द्रावण सर्वत्र पोहोचतही नाही. पानांच्या बेचक्यात किंवा फुलदांड्यावर दिसणाऱ्या पिठ्या ढेकणांची गोष्ट वेगळी. थोडे असतील तर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपावेत. शेडनेटमध्ये प्रमाण जास्त असल्यास 1898 मध्ये भारतात आणलेला मूळचा ऑस्ट्रेलियन मित्रकीटक क्रिप्टोलीमस मॉन्टौझिएरी सोडता येतो. तो मातीखालील किडीपर्यंत पोहोचत नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी एक दक्षता घ्यावी: या भुंग्याच्या अळीवरही पांढरे मेणाचे धागे असतात, पण ती पिठ्या ढेकणापेक्षा मोठी व चपळ असते. तिलाच कीड समजून चिरडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

विकत आणलेले प्रत्येक रोप आल्याच दिवशी कुंडीतून काढून पाहावे व स्वतंत्र बशीसह, इतर रोपांपासून दूर ठेवावे. या किडीचा जीवनक्रम साधारणतः दोन ते चार महिन्यांचा असल्याने दोन महिन्यांनी एकदा आणि चार महिन्यांनी पुन्हा मुळे तपासावीत. दुसरी तपासणी स्वच्छ निघाल्याखेरीज त्या रोपाचे फुटवे कोणासही देऊ नयेत, भेट म्हणूनसुद्धा.