रिपोर्टवरचा ‘हायपोप्लेसिया’ : घाबरू नका, विचारा

सोनोग्राफीच्या किंवा बाळाच्या तपासणीच्या रिपोर्टवर कधी कधी एक अवघड शब्द असतो : हायपोप्लेसिया. ओपीडीत रांग मोठी असते, विचारायचे राहून जाते. मग घरी आल्यावर शब्दाचा अर्थ लागण्याआधीच दोष सुनेच्या माथी बसतो. ‘ग्रहणात भाजी चिरली असेल’, ‘हिच्या माहेरचंच काही असेल’. आधी वॉर्डात नर्स म्हणून आणि आता वस्त्यांमध्ये काम करताना हे आम्ही पुष्कळदा पाहिले. म्हणून या वेळी हा एकच शब्द नीट समजून घेऊ.

शब्दाचा अर्थ

हायपो म्हणजे कमी आणि प्लेसिया म्हणजे घडण. बाळ पोटात असताना एखादा अवयव तयार होऊ लागला, पण पुरता वाढला नाही, लहानच राहिला, तर त्याला हायपोप्लेसिया म्हणतात. अवयव मुळात तयारच झाला नाही तर शब्द येतो एजेनेसिस. आधी नीट होता आणि पुढे आजाराने आक्रसला तर ॲट्रोफी. हे तीन शब्द वेगळे आहेत.

रिपोर्टवर या शब्दाच्या शेजारी अवयवाचे नाव असते. खरे महत्त्व त्या नावाला आहे. तीन उदाहरणे पाहू.

किडनी : एक किडनी लहान आणि दुसरी चांगली असेल, तर चांगली किडनी वाढून दोघींचे काम करते. अशी कितीतरी माणसे सगळे आयुष्य नीट जगतात. काहींना तर मोठेपणी दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी केल्यावर हे कळते. मात्र अशा मुलाचे ब्लडप्रेशर आणि लघवी डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्यावी. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नयेत. दोन्ही किडन्या लहान असतील तर मात्र तज्ज्ञांकडेच उपचार हवेत.

फुप्फुस : पोटात बाळाभोवती पाणी असते. साधारण चौथ्या महिन्यानंतर त्यातले बरेचसे पाणी म्हणजे बाळाची लघवीच असते. या पाण्याच्या आधाराने फुप्फुसे फुलतात. पाणी फार लवकर आणि फार कमी झाले, तर फुप्फुसे लहान राहतात आणि जन्मल्यावर बाळाला श्वास घेता येत नाही. म्हणून ‘पाणी कमी आहे’ असे सांगितले तर ‘भरपूर पाणी प्यायलं की झालं’ असे म्हणून घरी बसू नये. कारण शोधावे लागते. असे बाळंतपण नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या दवाखान्यातच व्हायला हवे.

थायरॉइड : गळ्यातली ही ग्रंथी लहान राहिली तर सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. जन्मल्यावरही बाळ ठणठणीत वाटते. पुढे ते फार झोपते, दूध नीट ओढत नाही, शी घट्ट होते, कावीळ लांबते, रडणे घोगरे होते. तोवर मेंदूचे नुकसान सुरू झालेले असते. दोन दिवसांच्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन टीएसएच तपासले की हे कळते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर मूल इतर मुलांसारखेच शिकते, वाढते. औषध म्हणजे रोजची एक छोटी, स्वस्त गोळी. म्हणून बाळंतिणीला घरी नेण्याआधी विचारा : ‘बाळाची थायरॉइडची तपासणी झाली का?’

असे का होते?

गर्भ राहिल्यावर तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात बाळाच्या बहुतेक अवयवांचा पाया घातला जातो. तेव्हा कित्येक बायकांना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. बहुतेक वेळा नेमके कारण सापडत नाही. काही वेळा जनुकांत बदल असतो, आणि बाळाची अर्धी जनुके बापाकडून आलेली असतात. आईची ताब्यात नसलेली शुगर, गरोदरपणातला रुबेला, दारू, ब्लडप्रेशरच्या, फिटच्या किंवा मुरुमांच्या काही गोळ्या यांनीही बाळाच्या घडणीत अडथळा येतो.

या यादीत ग्रहण कुठेही नाही. ग्रहणाच्या दिवशी लाखो गरोदर बाया घरोघरी काम करत असतात आणि त्यांची बाळे चांगली जन्मतात. गरोदर बाईला तासन् तास उपाशी, अंधारात बसवले तर त्रास तिलाच होतो.

आपल्या हातात काय आहे?

मूल हवे असे ठरले की दिवस जाण्याआधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करावी. तिसरा महिना संपण्याआधी आशाताईंकडे नाव नोंदवावे. आधीपासून काही औषधे चालू असतील तर डॉक्टरांना दाखवावीत, मनाने बंद करू नयेत. मिश्री आणि तंबाखू सोडावी. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नये, कारण बाळाचे अवयव तेव्हाच बारकाईने पाहिले जातात.

रिपोर्टवर हा शब्द आलाच तर चार प्रश्न कागदावर लिहून न्या :

१. कोणता अवयव? एका बाजूचा की दोन्ही?
२. बाकीचे अवयव नीट आहेत का?
३. बाळंतपण कोणत्या दवाखान्यात करायचे?
४. जन्मल्यावर कोणती तपासणी, किती दिवसांत?

उत्तर समजले नाही तर पुन्हा विचारा. तो आपला हक्क आहे.

कायदा आणि योजना

गर्भात गंभीर दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले, तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. बाई सज्ञान असेल तर संमती फक्त तिची लागते, नवऱ्याची किंवा सासूची नाही. मूल ठेवायचे तिने ठरवले तर घराने तिच्या पाठीशी उभे राहावे.

जन्मलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्या पालघरमधूनच झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात मोफत तपासणी होते आणि पुढच्या उपचारासाठी चिठ्ठी मिळते. पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते. ते कधी येणार हे अंगणवाडीताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी जुने सगळे रिपोर्ट घेऊन मुलाला तिथे न्या.