मूसा (अ.) यांनाही भय वाटले होते

२१ मार्च २०२४ ची पहाट आखाडा बाळापूर परिसरातील घराघरांत अजून स्मरणात असेल. रमजानचा दहावा रोजा होता. सहरी आटोपली होती, फजरची नमाज झाली होती आणि सहा वाजून आठ मिनिटांनी जमीन हादरली. तीव्रता ४.५. अकराच मिनिटांत ३.६ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. १० जुलैच्या सकाळी कळमनुरी तालुक्यात पुन्हा तेच घडले. ज्यांनी १९९३ चे किल्लारी ऐकले-पाहिले आहे, त्यांच्या मनात काय आले असेल, हे सांगायला नको.

जमीन काही क्षणांत स्थिरावते. काहींचे अंतःकरण मात्र स्थिरावत नाही. भूकंप न अनुभवलेल्यांनाही हे होते. एकाएकी छाती धडधडते, श्वास अपुरा पडतो, हातापायांना मुंग्या येतात, आता मृत्यूच आला असे वाटते. ही लाट बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरते. वैद्यकशास्त्र तिला ‘पॅनिक अटॅक’ म्हणते. संकटात सावध करण्यासाठी अल्लाहने शरीरात ठेवलेली यंत्रणा येथे संकटाविनाच जागी होते. पुढे ‘पुन्हा तसे झाले तर?’ या धास्तीने माणूस बाजार, एस.टी., इतकेच नव्हे तर जुमाच्या नमाजची गर्दीही टाळू लागतो.

अशा व्यक्तीला आपण सहज म्हणतो, ‘तुझे ईमान कमजोर आहे.’ कोणत्या आधारावर? जादूगारांच्या दोऱ्या व काठ्या सळसळताना भासल्या तेव्हा मूसा (अ.) यांना मनात भय वाटले, असे कुरआन (सूरह ताहा, ६७-६८) सांगते. अल्लाहने त्यांना दोष दिला नाही, धीर दिला. पहिल्या वह्यीनंतर प्रेषित मुहम्मद (स.) कापत घरी आले, तेव्हा हजरत खदीजा (रजि.) यांनी त्यांना पांघरूण घातले, त्यांच्या सद्गुणांची आठवण देऊन धीर दिला आणि मग जाणकार वरका बिन नौफल यांच्याकडे नेले. आपल्या घरांत मात्र अनेकदा उपदेश आधी होतो, पांघरूण नंतर; आणि जाणकाराऐवजी गंडेदोरे करणाऱ्याचे दार गाठले जाते.

प्रेषित (स.) स्वतः चिंता आणि दुःखापासून अल्लाहचा आश्रय मागत. दुआ आणि जिक्र अंतःकरणाचा आधार आहेतच. पण त्यांनी उपचार घेण्याचीही शिकवण दिली आणि उंट बांधून मग भरवसा ठेवण्यास सांगितले. भूकंपानंतर शेजारच्या नांदेड जिल्ह्याच्या प्रशासनाने पत्र्यांवरचे दगड काढून घेण्याचे आवाहन केले. दगड उतरवणाऱ्याला कोणी तवक्कुल नसलेला म्हटले का? मग मनाच्या डॉक्टरकडे जाणाऱ्याला तरी का म्हणावे?

छातीत प्रथमच असे झाले तर आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. ती निर्दोष निघाली की मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. समुपदेशनाने आणि औषधांनी बहुतेकांना आराम पडतो. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, ते मनाने बंद करू नये. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. आजाऱ्याला रोजाची सवलत सूरह बकराने (१८५) दिलेलीच आहे. सहरीला दोन-दोन कप कडक चहा घेण्याची आपली सवयही धडधड वाढवू शकते. नमाजमध्ये लाट आली आणि उभे राहणे अशक्य झाले तर बसून नमाज पूर्ण करावी, श्वास सावकाश सोडावा. घरच्यांनी भोवती गर्दी करू नये. एकाने शांतपणे जवळ बसावे. बोलायला कोणी नसेल तर शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.