बादलीमागे अर्धा युनिट

थंडीत वीजबिल चढलं की घरात पहिला संशय गीझरवर जातो आणि लगेच जास्त स्टारचा नवा गीझर घ्यायची बोलणी सुरू होतात. पण पाणी तापवायला लागणारी ऊर्जा मुख्यतः दोनच गोष्टींवर ठरते: पाणी किती लिटर आणि ते किती अंशांनी तापवायचं. यंत्र कोणतंही असो, या हिशोबातून सुटका नाही. म्हणून या कृतीत खरेदी सगळ्यात शेवटी आहे. आधी फुकटचे उपाय, मग शे-दोनशे रुपयांचे, आणि तरीही गरज उरली तर सोलर.

साहित्य: एक बादली, लिटरचं माप, मोबाइलमधलं घड्याळ, १०० अंशांपर्यंत मोजणारा साधा थर्मामीटर (तापाचा नव्हे) आणि ताजं वीजबिल.

वेळ: मोजमापाला एक सकाळ, सवयी बसायला एक महिना.

१. बादली मोजा

बादलीत किती लिटर मावतात ते मापाने एकदा बघून घ्या. मग सकाळी नळाच्या थंड पाण्याचं तापमान घ्या आणि अंघोळीला कालवलेल्या पाण्याचंही. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची ‘वाढ’. आता हे सूत्र लावा:

लिटर × वाढ ÷ ८६० = युनिट

समजा पुण्या-नाशिककडच्या थंडीत नळाचं पाणी २० अंश आहे आणि तुम्हाला ४२ अंश लागतं. २० लिटरच्या बादलीला ४४० भागिले ८६०, म्हणजे साधारण अर्धा युनिट. चौघांच्या चार बादल्यांना रोज दोन युनिट, महिन्याला साठ. मुंबईत किंवा कोकणात नळाचं पाणी २६ अंश असेल आणि ४० अंशांवर भागत असेल, तर तीच बादली एक तृतीयांश युनिटात होते.

शॉवर असेल तर त्याखाली बादली धरून एक मिनिट मोजा. मिनिटाला दहा लिटर भरले, तर आठ मिनिटांची अंघोळ म्हणजे चार बादल्या, म्हणजेच दोन युनिट. एकट्या माणसाने चौघांच्या बादल्यांएवढी वीज घेतली.

२. शेवटच्या युनिटचा दर काढा

एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागू नका. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो. तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातून कमी होतं. बिलावर तुमचा शेवटचा टप्पा शोधा, त्याच्या दरात वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क मिळवा. पुढच्या हिशोबाला सोयीचा म्हणून मी दर दहा रुपये धरतो. तुम्ही तुमचा धरा.

मीटर स्मार्ट टीओडी (वापराच्या वेळेनुसार दर लावणारं) असेल, तर दिवसाच्या वेळेतल्या वापराला सवलत मिळते का तेही बिलावर पाहा. मिळत असेल, तर ज्यांना सकाळची घाई नाही त्यांनी नऊनंतर अंघोळ केली तरी फरक पडेल.

३. लिटर कमी करा

- शॉवरला मिनिटाला सहा-सात लिटरचं, हवा मिसळणारं तोंड बसवा. ते न जमल्यास बादली-मगावर या.
- बेसिनचा एकदांडी मिक्सर एरवी थंड बाजूला वळवून ठेवा. हात धुण्यापुरता नळ गरम बाजूला उघडला, तर हाताला थंडच पाणी लागतं, पण गीझरमधलं तापलेलं पाणी पाइपात येऊन वाया जातं.
- अंघोळी एकामागोमाग उरका. पाइप गरम असतानाच पुढचा माणूस गेला, की थंड पाणी सोडून द्यावं लागत नाही.
- कपड्यांच्या मशीनला रोजच्या धुण्यासाठी थंड पाण्याचाच पर्याय निवडा. गरम धुणं तेलकट, मळकट कपड्यांपुरतं.

४. गीझर वेळेवर लावा, वेळेवर बंद करा

गीझर दिवसभर चालू ठेवला तर पुन्हा तापवायची वीज वाचते, असं पुष्कळांना वाटतं. हे खरं नाही. पाणी जितका वेळ गरम, तितका वेळ टाकीतून उष्णता झिरपत राहते. आणि ती पाणी तापलेलं असताना जास्त झिरपते. बंद करून लागेल तेव्हाच तापवणं नेहमीच स्वस्त.

गळती तपासायची असेल तर पाणी पूर्ण तापून दिवा विझल्यावर नळ न उघडता गीझर काही तास चालू ठेवा आणि दिवा मधूनमधून किती मिनिटं लागतो ते मोजा. दोन हजार वॉटचा गीझर अशी तीस मिनिटं चालला, की एक युनिट गेलं. याच गळतीचा चोवीस तासांचा आकडा गीझरच्या स्टार लेबलवर छापलेला असतो. पाणी तापायला दोन स्टारला जेवढी वीज लागते तेवढीच पाच स्टारलाही लागते. फरक साठवणुकीच्या गळतीत आहे. त्यामुळे अर्धा तास लावून बंद करणाऱ्या घराला जास्त स्टारचा फायदा थोडाच होतो.

किती आधी लावायचा? १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला ०.७ युनिट, म्हणजे दोन हजार वॉटवर २१ मिनिटं. पंचवीस लिटरला ३५ मिनिटं.

थर्मोस्टॅट किती ठेवायचा? १५ लिटर पाणी ५० अंशांचं असेल, तर थंड पाणी कालवून जेमतेम एक बादली होते. ६० अंशांचं असेल, तर २७ लिटर. एकट्याची अंघोळ असेल तर ५० पुरे, त्याहून थोडं जास्त लागत असेल तर ६०. मात्र ४५ अंशांखालचं कोमट पाणी टाकीत दिवसचे दिवस साठवू नका. त्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढू शकतो. गावाहून परतल्यावर आधी गीझर पूर्ण ६० पर्यंत तापवा, मगच वापरा. थर्मोस्टॅटची खुंटी झाकणाच्या आत असेल तर ते काम वायरमनचं.

५. पाइपातलं नुकसान थांबवा

एक इंची पाइपात मीटरमागे सुमारे ०.४ लिटर पाणी मावतं. गच्चीवरच्या सोलरपासून खालच्या मजल्यावरच्या न्हाणीघरापर्यंत २० मीटर पाइप असेल, तर सकाळी पहिल्यांदा नळ उघडणाऱ्याला आठ लिटर गार पाणी आधी काढावं लागतं. ते बादलीत धरून फरशीला वापरा. उघड्या पाइपावर फोमची नळी चढवा आणि उन्हाने ती फोमनळी भुसभुशीत होऊ नये म्हणून वरून ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळा. नवं न्हाणीघर बांधताना गीझर नळाच्या जितका जवळ, तितकं बरं.

६. क्षार काढा

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर कॉइलवर पांढरा थर बसतो. त्याने युनिट फारसे वाढत नाहीत, कारण कॉइल पाण्यातच बुडालेली असते आणि उष्णता शेवटी पाण्यातच उतरते. खर्च होतो तो कॉइल जळण्याचा आणि टाकी गळण्याचा. अशा घरांनी दिवाळीआधी दरवर्षी गीझर साफ करून घ्यावा आणि त्याच वेळी मॅग्नेशियमचा दांडा झिजला असल्यास बदलावा. गॅस गीझरमध्ये आणि सोलरच्या पट्ट्यांत मात्र हाच थर उष्णता अडवतो. तिथे क्षाराने थेट इंधन वाया जातं.

७. वीज की गॅस, हे ठरवा

गॅस गीझरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर १४.२ किलोचा एक सिलिंडर सुमारे १४० युनिट विजेइतकं पाणी तापवतो. शेगडीवर पातेल्यात तापवलं, तर हाच आकडा ११५ च्या आसपास येतो. पाइप गॅसचा एक घनमीटर गॅस गीझरमधून साधारण आठ युनिटांचं काम करतो. म्हणून शेवटच्या युनिटचा दर गुणिले १४०, ही रक्कम सिलिंडरच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर गॅस स्वस्त. दहा रुपयांनी ती १,४०० होते.

पण गॅस गीझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नका. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि माणूस नळाखालीच बेशुद्ध पडतो. गीझर बाहेरच्या मोकळ्या बाल्कनीत, गरम पाण्याची नळी आत. तशी जागा नसेल तर विजेचाच गीझर ठेवा. बादलीतल्या रॉडने वीज वाचते ती फक्त टाकीची गळती नसल्यामुळे. पण प्लग काढल्याशिवाय त्या पाण्याला बोट लावायचं नाही. चूल अजून पेटत असेल, तर वैलावर पाण्याचा हंडा ठेवणं हा सगळ्यात जुना आणि फुकटचा उपाय.

८. सोलर परवडेल का, ते बघा

गच्चीवर सकाळी नऊ ते दुपारी तीन सावली पडत नसेल तरच पुढे जा. पाणी क्षाराचं असेल तर तांब्याच्या पट्ट्यांऐवजी काचेच्या नळ्यांचा संच विचारा. सूर्यघर योजनेचं अनुदान वीज बनवणाऱ्या पॅनेलला आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरला नाही. दुकानदाराच्या बोलण्यात हे दोन्ही एकत्र येऊ देऊ नका. मालमत्ता करात सवलत मिळते का, ते मात्र आपल्या पालिकेत जरूर विचारा.

हिशोब असा. पावसाळा वगळून २४० दिवस, चौघांचे सरासरी रोज दीड युनिट: ३६० युनिट, म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये. दुकानदाराने सांगितलेल्या किमतीला या रकमेने भागा. येतील तितकी वर्षं.

सोलर आधीच असेल तर दोन कामं करा. काच पंधरा दिवसांनी पुसा, पण पहाटे. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर ती तडकू शकते. आणि टाकीतला विजेचा हीटर कायम चालू ठेवू नका. तो रात्रभर पाणी तापवून ठेवतो आणि सकाळच्या उन्हाला तापवायला काही उरतच नाही. ढगाळ दिवशी, अंघोळीआधी, तेवढ्यापुरता लावा.

९. पडताळा

महिनाभराने पहिली पायरी पुन्हा करा: बादल्या, अंश, शॉवरचं मिनिट. त्यावरून निघालेली युनिटांची घट आणि बिलातली घट जुळली तर काम झालं. हिशोबात बचत दिसते पण बिल हलत नसेल, तर चोर न्हाणीघरात नाही. त्याला फ्रिज, एसी किंवा पाण्याच्या मोटारीकडे शोधा. आणि गीझरचा दर्जा बघून नवा घ्यायचाच असेल, तर तो आता मोजलेल्या बादल्यांच्या मापाने घ्या. बहुतेक घरांना पंचविसाऐवजी पंधरा लिटर पुरतात.