उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा

बाजार समितीत मूठभर गहू तळहातावर घेऊन त्याचा दाणा टपोरा की बारीक हे क्षणात ठरवले जात असले, तरी शास्त्रीय मोजमापात त्यासाठी ‘हजार दाण्यांचे वजन’ ही संज्ञा वापरतात. राशीतून निवड न करता घेतलेले एक हजार दाणे मोजून त्यांचे ग्रॅममध्ये वजन करायचे, इतकाच तिचा अर्थ. महाराष्ट्रात सर्वाधिक पेरल्या जाणाऱ्या सरबती गव्हात हे वजन साधारणपणे ३५ ते ४५ ग्रॅमच्या दरम्यान असते, बन्सी गव्हात बहुधा त्याहून थोडे अधिक भरते, आणि लोकवनासारख्या मूळच्याच ठसठशीत दाण्याच्या जातीत ते सरबतीच्या वरच्या टोकाला किंवा त्यापलीकडे जाते. म्हणजे दाण्याची कमाल मर्यादा जातीच्या आनुवंशिक गुणांनी आखून दिलेली असते. परंतु त्या मर्यादेच्या आत दाणा किती भरेल हे पेरणीची तारीख, फुलोऱ्यानंतरचे तापमान, पाणी आणि ताटाची उभे राहण्याची ताकद यांवर ठरते, आणि शेतकऱ्याच्या चुका नेमक्या याच भागात होतात.

दाणा कसा घडतो हे नीट समजल्यावाचून या चुकांचे स्वरूप कळत नाही. गहू पोटरीत असताना, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आवरणात असते त्या काळात, प्रत्येक फुलातील अंडाशय वाढत असतो आणि त्याला वेढणारी तुसेही आकार घेत असतात. त्यामुळे दाण्याला पुढे किती जागा मिळणार हे काही अंशी फुलोऱ्यापूर्वीच निश्चित होते. परागीभवनानंतरच्या साधारण पहिल्या दोन आठवड्यांत भ्रूणपोषाच्या, म्हणजे दाण्याच्या ज्या भागापासून पीठ मिळते त्या भागाच्या, पेशींची संख्या ठरते. दाणा या काळात दुधाळ असतो आणि दाबला तर चीक येतो. त्यानंतर नव्या पेशी जवळजवळ होत नाहीत. झालेल्या पेशींत पिष्ट आणि प्रथिने साठत जातात. जमिनीवर रचलेल्या कणग्यांची संख्या एकदा ठरली की पुढे फक्त त्या भरायच्या असतात, तसाच हा प्रकार आहे. भरण्यासाठी लागणारी साखर शेंड्याच्या पानातून, ज्याला ध्वजपर्ण म्हणतात, ओंबीच्या हिरव्या भागातून व कुसळांतून येते, आणि ती कमी पडली तर खोडात आधी साठलेली साखर वर चढते. एकाच ओंबीतही सर्व दाणे सारखे नसतात. मधल्या भागातील दाणे मोठे, तर टोकाचे व बुडाचे लहान राहतात, म्हणून चार ओंब्या चोळून पिकाचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

या साऱ्यात उष्णतेचा वाटा सर्वांत मोठा आहे. दाणा भरण्यास १५ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान मानवते. त्यावर वाढणाऱ्या प्रत्येक अंशामागे दाण्याचे वजन साधारण तीन ते चार टक्क्यांनी घटते, असे नियंत्रित प्रयोगांतून दिसून आले आहे. उष्णतेने दाणा भरण्याचा वेग थोडा वाढतो, पण भरण्याचे दिवस त्याहून अधिक प्रमाणात कमी होतात, आणि पिष्ट तयार करणारी विकरे, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, अशा तापमानात मंदावतात. परिणामी पीक लवकर पिवळे पडते आणि दाणा सुरकुतलेला राहतो. २०२२ च्या मार्च महिन्यात, जो १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातील सर्वांत उष्ण मार्च ठरला, पंजाब व हरियाणातील पिकावर हाच प्रसंग आला. तेथील सरकारी खरेदीत चिमलेल्या दाण्यांची ६ टक्क्यांची मर्यादा केंद्र सरकारला १८ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली आणि त्याच वर्षी १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. महाराष्ट्र गव्हाच्या पट्ट्याच्या दक्षिण कडेला असल्याने येथील हिवाळा आखूड असतो, आणि म्हणून उत्तरेत क्वचित येणारे संकट येथे उशिरा पेरणाऱ्याच्या वाट्याला दरवर्षी येऊ शकते.

प्रस्तुत लेखकाच्या शेतात याचा पडताळा एकाच हंगामात, एकाच जातीच्या बियाण्यावर आला. एका तुकड्यात १२ नोव्हेंबरला पेरणी झाली. दुसऱ्या तुकड्यातील उसाचा खोडवा कारखान्याची तोड लांबल्याने डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मोकळा झाला आणि तेथे २४ डिसेंबरला गहू पेरला गेला. बियाणे घरात शिल्लक होते, रान ओलीचे होते, आणि थंडी अजून आहे या समजुतीवर वेळेवरच्या पेरणीसाठी शिफारस असलेली जात उशिरा पेरण्याची पहिली चूक घडली. नोव्हेंबरचा गहू जानेवारीच्या मध्यास फुलोऱ्यात आला आणि त्याचा चीक थंडीत भरला. डिसेंबरचा गहू फेब्रुवारीच्या अखेरीस निसवला आणि त्याच्या दाण्याचे सारे आयुष्य मार्चच्या उन्हात गेले. त्यातच चीक भरण्याच्या दिवसांत मोटार जळाल्याने एक पाळी आठ दिवस लांबली. मोटार सुरू झाल्यावर ती उणीव एकदम भरून काढण्यासाठी सुटलेल्या वाऱ्यात भरपूर पाणी दिले गेले, तेव्हा ओली जमीन आणि जड ओंब्या यांमुळे जवळजवळ अर्धे पीक लोळले. लोळलेल्या ताटात खोड वाकल्याने दाण्याकडे जाणारा पुरवठा खंडित होतो आणि पाने एकमेकांच्या सावलीत जातात. मळणीनंतर तोलून पाहता पहिल्या तुकड्याच्या हजार दाण्यांचे वजन ४३ ग्रॅम भरले, दुसऱ्याचे २९. व्यापाऱ्याने दुसऱ्या राशीला कमी भाव दिला, आणि तो गैर होता असे म्हणता येणार नाही.

या हानीतील अधिक बोचणारा भाग मात्र खर्चाचा होता, आणि तो टाळता येण्यासारखा असल्याने येथे विस्ताराने नोंदवणे आवश्यक आहे. पीक पिवळसर दिसते म्हणून पन्नासाव्या दिवशी युरियाचा जादा हप्ता दिला गेला. त्यातून उशिराचे फुटवे वाढले, त्यांच्या ओंब्या लहान राहिल्या आणि ताटे मऊ पडून लोळण्यास अधिक प्रवृत्त झाली. पुढे मार्चच्या मध्यास एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून दाणा फुगवणारे म्हणून विकले जाणारे द्रावण फवारले गेले. दाण्यातील पेशींची संख्या त्यापूर्वीच ठरून गेलेली होती आणि उरलेले दिवस उष्णतेने हिरावून घेतलेले होते. अशा वेळी फवारणीने दाणा मोठा होईल ही अपेक्षाच निराधार होती. फवारलेल्या व न फवारलेल्या पट्ट्यातील दाणे तोलल्यावर फरक आढळला नाही.

यावरून निघणारे मार्गदर्शन साधे असले तरी त्याला तारखांची शिस्त हवी. बागायती गव्हाची वेळेवरची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. ती साधली नाही तर १५ डिसेंबरपर्यंत उशिराच्या पेरणीसाठी असलेली जात, उदाहरणार्थ निफाडच्या गहू संशोधन केंद्राची एनआयएडब्ल्यू ३४, घ्यावी आणि फुटवे कमी येणार हे धरून बियाणे हेक्टरी १०० ते १२५ किलोऐवजी १२५ ते १५० किलो वापरून ओळी जवळ पेराव्यात. नत्राचा अर्धा भाग पेरणीच्या वेळी व अर्धा सुमारे तीन आठवड्यांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या पाण्याबरोबर, द्यावा आणि त्यानंतर केवळ पानांच्या रंगाकडे पाहून युरिया टाकू नये. फुलोरा व चीक या दोन पाळ्या चुकू देऊ नयेत. त्या काळात पाणी हलके आणि वारा पडल्यावर, शक्यतो रात्री किंवा पहाटे, द्यावे. ध्वजपर्णावर तांबेरा व ओंबीवर मावा नाही ना हे दर चार दिवसांनी पाहावे, कारण ही दोन्ही संकटे दाण्याच्या तोंडचाच घास काढून घेतात.

दाणा मोठा म्हणजे उत्पन्न अधिक असे समीकरण मात्र मांडू नये. ओंब्यांची व दाण्यांची संख्या वाढली की प्रत्येक दाण्याच्या वाट्याला येणारा पुरवठा काहीसा घटतो, त्यामुळे विरळ पिकाचा टपोरा दाणाही एकरी तोट्याचा असू शकतो; मळणीनंतर हजार दाण्यांचे वजन आणि एकरी उतारा हे दोन्ही आकडे पेरणीच्या तारखेसह वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे दाणा घटला की संख्या घटली हे पुढच्या वर्षी सांगता येते. ज्यांचे रान १५ डिसेंबरनंतर मोकळे होणार आहे त्यांनी, घरात बियाणे पडून असले तरी, त्या रानात गहू पेरू नये. प्रस्तुत लेखकाच्या त्या तुकड्यात दुसऱ्या वर्षी गव्हाऐवजी रान तयार करून जानेवारीच्या अखेरीस उन्हाळी भुईमूग पेरण्यात आला.