पी/ई उतरला म्हणून शेअर स्वस्त झाला का?

प्रश्न : पुण्यात एका अमेरिकी संगणक कंपनीत बरीच वर्षे नोकरी. पगारासोबत मिळालेले आरएसयू (मोबदल्यात मिळणारे कंपनीचे शेअर) एकही न विकता जमवलेले. शेअरचा पी/ई पूर्वी पंचविसाच्या घरात असे, आता बारा आहे. प्रतिशेअर नफा (ईपीएस) मात्र दरवर्षी वाढतो. शेअर स्वस्त आहे का? मुलीच्या फीसाठी विकण्याऐवजी आणखी घ्यावेत का?

उत्तर : पी/ई म्हणजे एक रुपया नफ्यासाठी बाजार मोजत असलेला भाव. त्यात पुढच्या वाढीची अपेक्षा धरलेली असते. कंपनी प्रौढ झाली, वाढ मंदावली की तो उतरणे रास्तच; जुन्या पंचविसाशी आजच्या बाराची तुलना व्यर्थ आहे. जुना भाव परत येण्याची वाट पाहणेही तसेच. मायक्रोसॉफ्टसारख्या सतत नफ्यात असलेल्या कंपनीलाही डिसेंबर 1999 चा उच्चांक ओलांडायला 2016 उजाडले.

खरा घात वाढत्या ईपीएसमध्ये आहे आणि शहाणीसुरती माणसेही तिथेच फसतात. 2012 मध्ये आयबीएमची विक्री 104.5 अब्ज डॉलर होती, 2013 मध्ये 99.8 अब्ज. नफाही 16.6 अब्जांवरून 16.5 अब्जांवर आला. तरीही ईपीएस 14.37 डॉलरवरून 14.94 वर गेला, कारण कंपनीने त्या वर्षी सुमारे 13.9 अब्ज डॉलर खर्चून स्वतःचेच शेअर परत विकत घेतले होते. नफा जवळपास तेवढाच, वाटेकरी कमी. बायबॅक आणि लाभांश मिळून सुमारे 18 अब्ज गेले, तर भांडवली खर्च वजा जाता हाती उरलेली रोकड 15 अब्जांच्या आसपास होती. त्याच वर्षी कर्जही वाढले. 2013 अखेरीस भाव 187 डॉलर, पी/ई तेराहूनही कमी, म्हणजे दिसायला स्वस्तच. 2015 पर्यंत ईपीएस 20 डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट कंपनीने ऑक्टोबर 2014 मध्ये सोडून दिले आणि 2015 अखेरीस भाव 137 च्या आसपास होता. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेनेही 2011 मध्ये जाहीर केलेली आपली मोठी गुंतवणूक 2018 पर्यंत पूर्ण काढून घेतली.

बायबॅक मुळात वाईट नसतो. शेअर खऱ्या मूल्यापेक्षा कमी भावात मिळत असेल तर उरलेल्या भागधारकांचा फायदाच होतो. मात्र ईपीएस पाहण्याआधी एकूण नफा आणि विक्री पाच वर्षांची पाहावी. त्यानंतर रोकड-प्रवाहाच्या पत्रकातून कामकाजातली रोकड घ्यावी, तीतून भांडवली खर्च आणि कर्मचाऱ्यांना शेअररूपाने दिलेला मोबदला वजा करावा, आणि उरलेल्या रकमेला कंपनीच्या बाजारमूल्याने भागावे. वाढ थांबलेल्या कंपनीत हा आकडा सरकारी रोख्याच्या व्याजाहून ठळकपणे जास्त नसेल, तर बाराचा पी/ईसुद्धा महाग आहे. बायबॅकवर अब्जावधी खर्चूनही शेअरसंख्या घटत नसेल, तर तो पैसा कर्मचाऱ्यांना दिलेल्या आरएसयूंची भर निस्तरण्यातच जातो आहे.

ब्रोकरचे ‘टार्गेट’ विचारात घेऊ नये. पडत्या भावात सरासरी काढणे, तेही पगार देणाऱ्या कंपनीच्या शेअरमध्ये, नकोच.

पत्रात न विचारलेला प्रश्न अधिक निकडीचा आहे : घरच्या एकूण पुंजीपैकी किती भाग या एकाच कंपनीत आहे? विक्री घसरली की कपात होते आणि भावही पडतो. पगार आणि पुंजी एकाच दिवशी धोक्यात येतात. ठरलेल्या तारखेला भरायची फी अशा शेअरवर टांगून ठेवू नये. तेवढे शेअर आताच विकावेत. आरएसयू हाती पडले तेव्हाच त्यांवर पगार म्हणून कर लागलेला असतो. त्यानंतरच्या वाढीवर, शेअर 24 महिन्यांहून अधिक काळ ठेवलेले असतील तर, 12.5 टक्के दराने (अधिक सेस) कर बसतो. उरलेल्या शेअरची नोंद विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) दरवर्षी करावी लागते. विक्री केली नाही म्हणून ती टळत नाही.