दारातच लागणारा निकाल

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत लिपिकपदाच्या मुलाखती घेणाऱ्यांत मी असतो. उमेदवार आत येऊन खुर्चीवर बसेपर्यंतच मला त्याचा अंदाज येतो आणि तो सहसा खरा ठरतो. माझ्याबरोबर बसणाऱ्या बाई म्हणतात, हा पूर्वग्रह आहे. मी म्हणतो, अनुभव आहे. बरोबर कोण?

उत्तर : खुर्चीपर्यंत पोचायचीही गरज नसते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातील जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांचा २००६ सालचा एक अभ्यास आहे. त्यांनी लोकांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो सेकंदाचा दहावा भाग एवढाच वेळ दाखवले आणि हा माणूस विश्वासू वाटतो का, कर्तबगार वाटतो का, असं विचारलं. सवडीने फोटो पाहणाऱ्यांच्या मतांशी ही मतं बरीच जुळली. पाहण्याचा वेळ वाढवला तेव्हा मतं फारशी हलली नाहीत. वाढला तो स्वतःच्या मतावरचा भरवसा.

तुमच्या प्रश्नाचं मर्म मला या भरवशातच दिसतं. अंदाज 'खरा ठरतो' म्हणता, पण तो तपासला कधी जातो? ज्याला तुम्ही नाकारलंत, तो आज दुसरीकडे चोख हिशेब ठेवत असेल, तरी ती बातमी तुमच्यापर्यंत येत नाही. ज्याला घेतलंत, त्याला तुम्ही आपलेपणाने काम शिकवता, त्याची चूक पोटात घालता. मग तो चांगला निघाला यात नवल ते काय!

हॅरल्ड केली यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग हेच दाखवतो. वर्गात नवे अध्यापक येण्याआधी विद्यार्थ्यांना त्यांची ओळख करून देणारा छोटा मजकूर वाटला गेला. निम्म्यांच्या कागदावर ते स्वभावाने प्रेमळ आहेत असं होतं, निम्म्यांच्या कागदावर कोरडे आहेत असं. बाकी मजकूर अक्षरशः सारखा. सगळे एकाच तासाला बसले, एकाच माणसाला ऐकलं. तरी 'कोरडे' वाचलेल्यांना ते अध्यापक जास्त आत्मकेंद्री वाटले, आणि चर्चेतही ही मुलं कमी बोलली. म्हणजे आधी बनलेलं मत वागण्यातही उतरलं.

पहिला अंदाज नेहमी फसतो असं मात्र नाही. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९९३ मध्ये शिक्षकांच्या आवाज बंद केलेल्या, मिळून अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती परक्या लोकांना दाखवल्या. या लोकांनी दिलेले गुण त्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांनी सत्राच्या शेवटी दिलेल्या गुणांशी चांगलेच जुळले. मला यात एक शंका राहते : विद्यार्थ्यांचं मतही पहिल्याच दिवशी ठरलेलं नसेल कशावरून? तरी शिकवण्यातला उत्साह चटकन दिसतो, हे मान्य करू. प्रामाणिकपणा असा दिसत नाही, आणि पतसंस्थेत तर तोच आधी लागतो.

दारातून दिसतात ते कपडे, रंग, उभं राहण्याची ढब. तोंड उघडलं की उच्चार. 'ण'च्या जागी 'न' म्हणणाऱ्या किती हुशार मुलामुलींना आपल्याकडे पहिल्या वाक्यालाच अडाणी ठरवलं गेलं असेल! हे मला फार लागतं, कारण जमा-नावे बिनचूक लिहिण्याशी त्या उच्चाराचा काडीचा संबंध नाही.

मग करायचं काय? डॅनियल कानमन १९५५ च्या सुमारास, अवघ्या एकविसाव्या वर्षी, इस्रायली सैन्यात भरतीच्या मुलाखतींची पद्धत बसवत होते. त्यांनी सहा गुणविशेष ठरवून दिले. प्रत्येकाबद्दल ठरलेले प्रश्न विचारायचे, त्याचे गुण लगेच मांडायचे आणि मगच पुढे जायचं. मुलाखत घेणारे नाराज झाले, आम्हाला यंत्र करून टाकता म्हणाले. तेव्हा कानमननी शेवटी एक मुभा दिली : सगळे गुण मांडून झाले की डोळे मिटा आणि मनाचा कौल लिहा. नवी पद्धत जुनीपेक्षा पुष्कळच सरस ठरली आणि तो शेवटचा कौलही सहा गुणांच्या बेरजेइतकाच उपयोगी निघाला.

तेव्हा अंदाज टाकून देऊ नका, त्याला शेवटचा नंबर द्या. आणि वाद मिटवायचा असेल तर पुढच्या भरतीत तुम्ही दोघांनी आपापला दारातला अंदाज कागदावर लिहून पाकिटात बंद करा. निवड गुणांवर होऊ द्या. वर्षभराने, नव्या लिपिकांचं काम ज्याने रोज पाहिलंय अशा तिसऱ्या माणसाकडून त्यांना गुण घ्या आणि मग पाकिटं फोडा.